घरात बॅटरी आहे का?

‘टॉर्च? तो कशाला हवाय? फोनमध्ये आहे की!’ कोणालाही विचारा, हेच उत्तर मिळतं. मी गेल्या महिनाभरात बऱ्याच जणांना विचारलं. ज्याच्या घरी सहा हजारांचा कॉफी मेकर आहे, त्यानंही हेच सांगितलं.

याचं थोडं श्रेय नोकिया ११००ला द्यायला हवं. २००३ साली आलेल्या त्या ठोकळ्याच्या डोक्यावर टॉर्च होता. फरक एवढाच, की तो फोन एका चार्जिंगवर काही दिवस चालायचा. आपला स्मार्टफोन ऑफिसातून निघतानाच अठरा टक्क्यांवर असतो. आणि ज्या रात्री लाइट जातात, नेमका त्याच रात्री फोन सगळ्यात जास्त लागतो. आईला ‘पोचले’ सांगायला, कॅबला, वेळ पडली तर अँब्युलन्सला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांत लाइटही नव्हते आणि मोबाइलला रेंजही नव्हती. १२ ऑक्टोबर २०२०ला तर सकाळीच मुंबईची वीज गेली. लोकल ठप्प, लिफ्ट बंद, आणि जिन्याला खिडकी नसेल तर भर दिवसा काळोख.

त्यामुळे माझं मत साफ आहे. फोन फोनसाठी ठेवा, उजेडासाठी वेगळी बॅटरी घ्या. (आमच्या घरी टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. ‘बॅटरीत सेल घाल’ हे वाक्य इंग्लिशमध्ये करून बघा!)

दुकानात किंवा ऑनलाइन, पहिला मारा होतो ल्युमेन्सचा. ल्युमेन्स म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तीनशे रुपयांच्या टॉर्चवर एक लाख ल्युमेन्स लिहिलेलं दिसलं तर हसा आणि पुढे चला. गाडीचा साधा हॅलोजन हेडलाइट हजार-दीड हजार ल्युमेन्सचा असतो हो! घरात शंभर ल्युमेन्स भरपूर झाले. टॉर्च पांढऱ्या छताकडे तोंड करून उभा ठेवा, अख्खी खोली उजळते. ट्रेकला दोन-तीनशे असले की झालं.

खरा प्रश्न आहे, तो किती वेळ चालतो? इथे एक गंमत आहे. नावाजलेल्या कंपन्या ज्या एएनएसआय एफएल-१ स्टँडर्डनुसार ‘रनटाइम’ छापतात, त्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजलेला असतो. म्हणजे ‘पाच तास’ याचा अर्थ पाच तास झगझगाट असा नाही. शिवाय छोटे पॉवरफुल टॉर्च काही मिनिटांत तापतात आणि आपोआप मंद होतात. तेव्हा ‘लो’ मोडवर किती तास, ते आधी वाचा. संकटात तोच मोड कामाला येतो.

आता सेल. रोज बॅगेत ठेवायला यूएसबीवर चार्ज होणारा, बोटभर टॉर्च मस्त. पण घरातल्या इमर्जन्सीसाठी मी साध्या पेन्सिल सेलवर, म्हणजे डबल ए सेलवर चालणाराच घ्यायला सांगेन. कारण लाइट दोन दिवस आले नाहीत तर चार्जिंग कुठे करणार? पेन्सिल सेल खालच्या किराणावाल्याकडे मिळतो. तोही बंद असेल तर भिंतीवरच्या घड्याळातला काढा. फक्त अल्कलाइन सेल आत ठेवून विसरू नका, वर्ष-दोन वर्षांत ते गळतात आणि टॉर्चची वाट लावतात. सेल बाहेर काढून रबरबँडनं टॉर्चलाच बांधून ठेवा. बाबा लोकांचे ते जाडजूड लेड-ॲसिडवाले इमर्जन्सी लाइट महिनोन्‌महिने चार्ज न करता पडून राहिले की कायमचे झोपतात.

हौशी मंडळींसाठी १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. चांगल्या कंपनीचा सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबतो. कोणी ९,९०० एमएएचचा देत असेल तर तिथे पाकीट काढू नका.

माझा सगळ्यात लाडका प्रकार मात्र हेडलँप. कळसूबाईचा नाइट ट्रेक असो नाहीतर घरातला उडालेला फ्यूज, दोन्ही हात मोकळे. कडेवर मूल घेऊन नऊ मजले उतरायचे असतील, तर फोन कुठल्या हातात धरणार? आपल्या पावसासाठी निदान आयपीएक्स-४ बघा, म्हणजे शिंतोडे झेलतो. आयपीएक्स-७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो.

लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाणार असाल तर बटण स्वतः दाबून बघा. बंद करण्याआधी फ्लॅशिंग, एसओएस अशी सगळी वरात निघत असेल तर तो टॉर्च नको. अंधारात घाबरलेल्या माणसाला एका दाबात चालू, एका दाबात बंद एवढंच हवं असतं. गावी आई-बाबांसाठी घेताना तर नक्कीच. त्यांना देताना सोबत चार जादा सेल द्या, आणि तो कपाटात न ठेवता मुख्य दारामागच्या खिळ्याला अडकवूनच परत या.