अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आपली जबाबदारी

‘सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही’ ही समजूत नर्मदाकाठच्या आपल्या घरांतूनही ऐकू येते. वैद्यकशास्त्र नेमके उलट सांगते. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाची फुप्फुसे व मेंदू अधिक परिपक्व करतो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. त्याला ऊब, दूध व जंतुसंसर्गापासून संरक्षण या तीन गोष्टी प्रथम हव्यात.

नेमावरच्या अशा बाळाला खातेगाव, कन्नोड ओलांडून इंदूरपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर न्यावे लागते. बाळ तिकडे, बाळंतीण इकडे खाटेवर, आणि वडील काचेबाहेर उभे, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की, ही ताटातूट शक्य तेथे टाळलीच पाहिजे. आई ही भेटीस आलेली पाहुणी नव्हे; ती उपचाराचाच भाग आहे.

१९७८ साली बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत सुरू केली, ती इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून. पुढे पाच देशांत झालेल्या आणि दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचाही सहभाग असलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू केल्यास मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यातून दिसले. आईच्या येण्याने जंतुसंसर्ग वाढेल ही भीतीही त्यात खरी ठरली नाही. म्हणून नवजात कक्षात वॉर्मरइतकीच आईच्या खाटेची सोय आवश्यक आहे.

गावपातळीवर काय साधते, हे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाखविले. ३९ गावांतील प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे प्रसिद्ध केले. आज ‘आशा’ कार्यकर्ती घरी येते, तिच्यामागे हाच अनुभव आहे.

घरी आल्यावर परीक्षा संपत नाही. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा नेत्रपटल महिन्याच्या आत तपासला पाहिजे. बाळ वरकरणी ठणठणीत असले तरी. ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहिणे हे आपले, डॉक्टरांचे कर्तव्य होय. श्रवणाची तपासणीही तितकीच महत्त्वाची.

आजीबाईंनाही एक विनंती. शेगडीची धुरी, गुटी आणि काजळ या बाळांना वर्ज्य समजावे. तुमची खरी मदत बाळाला आईप्रमाणेच छातीशी घेऊन तिला चार घटका विश्रांती देण्यात आहे. वडिलांनीही संकोच बाळगू नये. शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच. दोन महिने आधी आलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तर त्याची प्रगती चार महिन्यांच्या मापाने पाहावी; दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब ठेवावा. मात्र त्या मापानेही मागे वाटले तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये.

घाईने आलेल्या या पाहुण्याला यंत्रे जगवतात हे खरे. पण त्याला वाढवायचे आहे ते आपल्या घरांनी. आपण डॉक्टरांनी त्या घरासाठी कक्षाचे दार थोडे उघडावे, एवढेच मागणे.