थेंबात सापडलेला चोर

आमच्या ऑफिसात वार्षिक हेल्थ चेकअपचे रिपोर्ट आले की पुढचे दोन दिवस कँटीनमध्ये एकच विषय : एसजीपीटी. कुणाचा किती वाढला, कुणाला शनिवार भोवला! पण हा आकडा लिव्हर कुरकुरतंय एवढंच सांगतो. का कुरकुरतंय, ते सांगत नाही. आपलं त्यावाचून अडत नाही, कारण उत्तर बहुतेकदा आपल्याच प्लेटमध्ये किंवा ग्लासात असतं. पेशंट तीन आठवड्यांचं बाळ असेल तर?

टायरोसिनेमिया टाइप वन. जगात साधारण लाखात एका बाळाला होणारा आजार. टायरोसिन हा प्रोटीनमधला एक घटक; डाळीत, अंड्यात, आईच्या दुधातही असतो. लिव्हर तो टप्प्याटप्प्यानं मोडतं. या बाळांत शेवटच्या टप्प्याचं एन्झाइमच काम करत नाही. मग दादरचा जिना बंद झाल्यावर प्लॅटफॉर्मवर जे होतं तेच. गर्दी तुंबते आणि मिळेल त्या वाटेनं घुसते. त्या आडवाटेवर तयार होतं सक्सिनिल अ‍ॅसिटोन. साठलेल्या विषारी मालानं लिव्हर जातं, किडनीही बिघडते.

नुसता टायरोसिन मोजून भागत नाही बरं का. तो नवजात बाळांत इतर कारणांनीही वाढतो, आणि हा आजार असलेल्या काही बाळांत सुरुवातीला फारसा वाढलेलाच नसतो. सक्सिनिल अ‍ॅसिटोन मात्र चोराच्या बुटाचा ठसा. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवायचा. टँडम मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र त्यातले रेणू वजनावरून ओळखतं. त्याच थेंबात इतर डझनभर आजारांचीही झडती होते.

आणि चोर सापडला तर औषध आहे! त्याची गोष्ट मला फार आवडते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका संशोधकाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. (हो, तोच लाल ब्रशवाला, आपल्या सोसायट्यांच्या गेटपाशी असतो तो.) त्यातल्या रसायनावरून तणनाशकं शोधताना निटिसिनोन हाती लागलं. ते टायरोसिनची वाट आधीच्याच टप्प्यावर बंद करतं, म्हणजे पुढचं विष बनतच नाही. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ते पहिल्यांदा बाळाला दिलं गेलं. त्याआधी पथ्य नाहीतर लिव्हर ट्रान्सप्लांट, एवढंच हातात होतं. पथ्य आजही सुटत नाही, कारण अडवलेला टायरोसिन रक्तात साठतो.

सगळा खेळ वेळेचा. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या सागने भागात हा आजार जगात सर्वाधिक. तिथे साधारण वीस माणसांत एकाकडे त्याचा जीन असतो. क्यूबेकनं १९७० पासूनच नवजात बाळं तपासायला घेतली. तिथल्या २०१२ च्या अभ्यासात, महिन्याच्या आत औषध सुरू झालेल्या २४ बाळांपैकी एकालाही ट्रान्सप्लांट लागलं नाही.

आपल्याकडे ही तपासणी देशभर सरसकट होत नाही. हॉस्पिटलवर आणि तुमच्या खिशावर अवलंबून. बारशाचा हॉल चार महिने आधी बुक करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी हल्ली एक प्रश्न पाठ करायला लावते : ‘डॉक्टर, तुमच्या नवजात स्क्रीनिंगमध्ये सक्सिनिल अ‍ॅसिटोन आहे, की फक्त टायरोसिन?’ ब्रोशरवर ‘पन्नासहून अधिक आजार’ छापलेलं असलं, तरी विचाराच. आणि डिलिव्हरीच्या आधी विचारा. नंतर झोपेतून डोकं वर काढेपर्यंत तो महिना निघून जातो.