घंटा कोणी वाजवायची?

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री कशावर चालते? भांडीवालीवर! महिनाअखेर तिचे पैसे वाचतात खरे. पण भांडी काही कमी खरकटी होत नाहीत. ती घासते घरची गृहिणी. तिच्या वेळेला जमाखर्चाच्या वहीत रकाना नसतो, म्हणून आपण बचत झाली असे समजतो, इतकेच.

सरकारचा संसारही याहून वेगळा नाही. ११ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने ठरवले की, खाजगी अनुदानित शाळांतला शिपाई निवृत्त झाला की त्याची जागा पुन्हा भरायची नाही. त्याऐवजी दरमहा ठोक भत्ता द्यायचा: मुंबई-पुण्याला १०,००० रुपये, इतर महापालिकांत ७,५०० आणि बाकीच्या महाराष्ट्रात ५,०००.

आमचा नगर जिल्हा, २०२४ पासून अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. एका टोकाला अकोल्याचे डोंगर, दुसऱ्या टोकाला जामखेडचा माळ. शहराची महापालिका सोडली तर साऱ्या जिल्ह्याच्या वाट्याला हे ५,००० रुपयेच. महिन्याचे २५ दिवस धरा. रोजचे दोनशे पडतात. २०२४-२५ साली रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्यालासुद्धा २९७ रुपये मिळत होते. मग शाळेचे कुलूप उघडायला, पाणी भरायला, तापाने फणफणलेल्या पोराला घरी पोचवायला दोनशेत कोण येणार? येणार मास्तरच!

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना तर कारकून मुळी ठाऊकच नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एक गुरुजी पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लिहितात, दाखले देतात, वर मागवलेली माहिती मोबाइलवर भरत बसतात. आणि दुसरे गुरुजी चारही इयत्ता सांभाळतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणुका आणि आपत्ती-निवारण एवढे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे बजावले आहे. पण शाळेच्याच कागदांचे काय? ते कारकुनाने करावयाचे म्हटले, तर कारकून कुठे आहे?

कोणी म्हणेल, "अहो, पण कचेऱ्यांतून माणसे फार झाली आहेत!" असतील. काटकसरीला माझा विरोध नाही. करदात्याचा पैसा झाडाला लागत नाही. माझे म्हणणे एवढेच की, आधी काम कमी करा, मग माणूस. एकच माहिती तीन टेबलांना लागत असेल, तर ती एकदाच मागवा. त्यानंतर एखादी जागा खरोखरच रिकामी बसलेली दिसली, तर खुशाल काढा. पण कागद तसेच ठेवून माणूस काढला, तर ते काम शाळेतल्या सर्वांत महागड्या कारकुनाकडे जाते. त्या कारकुनाचे नाव शिक्षक. त्याचा पगार आपण गणित शिकवण्यासाठी देतो.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीनंतर पालकसभेला जाल, तेव्हा निकालाची टक्केवारी विचाराच. पण आणखी एक प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात कागदांपायी किती तास बुडाले? शिपायाच्या पगाराची बचत सरकारी वहीत दिसते. बुडालेला तास मात्र कोणत्याच वहीत लिहिलेला नसतो. तो आपल्या मुलांच्या खात्यावर पडतो.