चकाकीमागचा हात

महागड्या मोटारीला पॉलिश करणे दिसते तितके सोपे नाही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. बहुधा माणसाच्या केसाहूनही पातळ! प्रत्येक पॉलिशमध्ये तो थोडा झिजतो आणि झिजलेला थर परत येत नाही. म्हणून जाणता कारागीर आधी गाडी धुतो, क्ले बारने चिकटलेली घाण काढतो, मापकाने रंगाची जाडी तपासतो आणि मगच यंत्र हाती घेतो. कडेवर यंत्र जरा रेंगाळले, तर तो सगळा भाग पुन्हा रंगवावा लागतो. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी आधी भंगारातल्या बॉनेटवर हात बसवावा. आणि ‘हा ओरखडा खोल आहे, तो घासण्यात अर्थ नाही’ असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायलाही शिकावे.