नांव ठेवतांना आडनांवाला विचारा

शाळा उघडल्यावर पहिलीच्या वर्गाची हजेरी घेत होतों. एक नांव पुकारलें, तर तीन मुली उभ्या राहिल्या. तिघींचें नांव एक आणि आडनांवही एकच, पाटील. बापांचीं नांवें निराळीं म्हणून निभावलें. पण सहा वर्षांच्या पोरीला भर वर्गांत बापाच्या नांवानें ओळखायचें, म्हणजे तिचें स्वतःचें नांव फुकटच गेलें. पुढें तिघींच्याही आईबापांना विचारलें. प्रत्येकानें मोठ्या अभिमानानें सांगितलें, “गुरुजी, गांवांत कोणाचें नाहीं असें नांव शोधून काढलेंय!” शोधलें कोठें? मोबाईलांत. तिघांनीं एकाच विहिरींत पोहरा सोडला आणि प्रत्येकाला वाटलें कीं पाणी आपल्या एकट्याचें.

आमच्या भिवंडी तालुक्यांत पाटील, म्हात्रे, भोईर, तरे, चौधरी हीं आडनांवें नांगरटींतल्या ढेंकळांइतकीं आहेत. जेथें अर्धा गांव एका आडनांवाचा, तेथें आडनांव माणसाची ओळख पटवीत नाहीं. तें काम पहिल्या नांवालाच करावें लागतें. म्हणून पाटलाच्या घरीं निराळें नांव ठेवणें ही चैन नव्हे, गरज आहे. सातबाऱ्यावर एकाच गांवांत एकाच नांवाचे दोन खातेदार असले म्हणजे काय होतें, हें ज्याच्यावर गुदरलें त्यालाच विचारा. आमच्याकडे गोदामांना जमिनी गेल्या, रस्त्यांना गेल्या. नागपुराहून निघालेला समृद्धी महामार्ग २०२५ सालीं आमच्याच तालुक्यांतल्या आमण्यापर्यंत येऊन पोहोंचला. एका कार्यालयांत माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याचा मोबदला केवळ नामसाधर्म्यामुळें महिनोन्‌महिने अडकून पडला. “तो मी नव्हे, मी तो आहे,” असें प्रतिज्ञापत्र करून द्यावें लागलें, तेव्हां कोठें पैसा सुटला. बापानें बारशाच्या दिवशीं घटकाभर विचार केला असता तर म्हातारपणीं हेलपाटे वांचले असते.

तर अशा या तालुक्यांतला एक तरुण भोईर परवां माझ्याकडे आला. मुलगी झालेली, सोबत त्याची आई. म्हणाला, “गुरुजी, मोबाईलांत जन्मवेळ घातली. हस्त नक्षत्राचा तिसरा चरण. अक्षर आलें ‘ण’. आतां ‘ण’वरून नांव सांगा.”

मीं त्याला बसवलें आणि फळ्यावर लिहून दाखवलें. सत्तावीस नक्षत्रें, प्रत्येकाचे चार चरण, मिळून एकशेंआठ अक्षरें. हस्ताचीं अक्षरें पू, ष, ण, ठ. आर्द्रेचीं कू, घ, ङ, छ. उत्तराभाद्रपदेचीं दू, थ, झ, ञ. आतां ज्या मायबोलींत ‘ण’, ‘ङ’ आणि ‘ञ’ यांवरून एकही शब्द सुरू होत नाहीं, तेथें बापानें नांव आणायचें कोठून? यावर जोशीबुवांचा तोडगा ठरलेला: ‘ण’ नसेल तर ‘न’ चालवा. अहो, ग्रहांनीं सांगितलेलें अक्षर जर भाषेच्या सोयीनें बदलतें, तर मग आमच्या आवडीनें बदललें म्हणून कोणते ग्रह रुसतील? दुसरें असें कीं, चंद्र एका चरणांत सुमारें सहा तास असतो. त्या सहा तासांत भिवंडींत जन्मलेलीं आणि चीन-आफ्रिकेंत जन्मलेलीं सारीं बाळें ‘ण’चींच! तिकडच्या आईबापांना ‘ण’ ठाऊकही नाहीं, आणि त्यांचीं मुलें सुखानें नांदत आहेत.

आपल्या पूर्वजांनीं पंचांग घेऊन दारीं येणाऱ्याला प्रश्न विचारायचे धाडस केलें. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तो याचसाठीं, कीं घरच्या कार्याला मधला दलाल नको. आणि आम्हीं काय केलें? ओसरीवरचा जोशी उठवला आणि खिशांत नेऊन बसवला. जुन्या जोश्याला निदान शिधा दिला कीं तो वाटेला लागे. हा चोवीस तास बरोबर असतो. त्यांत आतां अंकशास्त्रवाले निघाले आहेत. इंग्रजी स्पेलिंगांत एक ‘ए’ जास्त घाला म्हणजे भाग्य उजळेल, म्हणतात. भाग्य उजळो न उजळो, दहावीच्या दाखल्यावर एक ‘ए’ आणि आधारकार्डावर दोन, असा घोळ मात्र नक्की होतो, आणि तो निस्तरायला माझ्याच टेबलाशीं यावें लागतें.

नांवांचा हा खेळ मुळांत साधा नव्हताच. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत स्पष्ट विधान आहे कीं ब्राह्मणाचें नांव मंगल असावें, क्षत्रियाचें बलदर्शक, वैश्याचें धनदर्शक आणि शूद्राचें निंदाव्यंजक. म्हणजे पाळण्यांतच कपाळावर शिक्का. हाच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास जाळला गेला, हें आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. पण त्यांत बारशाचेंही कलम होतें, हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

आतां कोणी म्हणेल, धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू हीं नांवें आमच्या आजोबापणजोबांनीं मनूला विचारून थोडींच ठेवलीं? खरें आहे. तीं बहुतेक भीतीनें ठेवलीं. दोन मुलें देवीच्या सांथींत गेलीं, तिसरें पटकींत गेलें. चौथें झालें तेव्हां आईनें त्याला केरांत लोळवलें, धोंडू म्हटलें, कीं दृष्ट लागूं नये, मृत्यूनें दगड समजून ओलांडून पुढें जावें. त्या नांवाला मी हंसणार नाहीं. त्यांत आईचा जीव आहे. म्हणून ज्यांच्या वाडवडिलांचें नांव दगडू आहे त्यांनीं तें दाखल्यावर लिहितांना ‘डी.’ असें आखडतें घेऊं नये. चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ पासून सहा वर्षें संप केला, त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील. बापाचें ‘नागू’ हें नांव त्यांच्या नांवांत ठणठणीत उभें आहे.

परंतु ‘नकोशी’ हें नांव त्या माळेंत बसत नाहीं. दगडू जगावा म्हणून दगडू झाला. नकोशी जन्मली हेंच आवडलें नाहीं म्हणून नकोशी झाली. सातारा जिल्ह्यांत २०११ सालच्या ऑक्टोबरांत अशा अडीचशेंहून अधिक मुलींचीं नांवें समारंभपूर्वक बदललीं गेलीं. समारंभ झाला तें योग्यच. पण इतक्या मुलींना शाळेंत रोज ‘नकोशी, हजर’ म्हणावें लागत होतें, हें आठवलें कीं हजेरीपट हातांत जड होतो.

सातारच्याच एका शाळेच्या रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. भिवा! अगदीं आपल्या बांधावरचें नांव. आणि गंमत पहा, जोतीरावांनीं दत्तक घेतलेल्या मुलाचें नांव यशवंत, शाहू महाराजांचें दत्तक जाण्यापूर्वीचें नांव यशवंतराव, आणि बाबासाहेबांच्या मुलाचेंही यशवंत. नांव दुर्मिळ पाहिजे म्हणून यांपैकीं कोणाच्या घरीं पांचशें नांवांची यादी चाळली असेल, असें मला वाटत नाहीं.

खरी अडचण मला वर्गांत निराळीच दिसते. एक मुलगा आहे, कारागिराच्या घरचा. नांव विचारलें कीं पहिलें नांव खणखणीत सांगतो, बापाचें नांव मध्यम सांगतो आणि आडनांव गिळून टाकतो. त्याच्या आईबापांनीं त्याला भारी, संस्कृताळलेलें नांव ठेवलें आहे. इतकें भारी, कीं जणूं आडनांवावर पांघरूण घालायलाच तें शिवून घेतलें. पण पांघरूण लहान आणि आडनांव मोठें. पाय बाहेर राहायचेच. पोराला मात्र न सांगतां कळलें, कीं आपल्या आडनांवांत कांहीं तरी लपवण्यासारखें आहे. हें त्याला शाळेनें शिकवलें नाहीं, बारशानें शिकवलें.

लोहार, सुतार, कुंभार, तेली हीं आडनांवें लपवायचीं कशाला? त्यांत भात्याची, रंध्याची, चाकाची, घाण्याची कमाई आहे. जोतीरावांच्या घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. फुलांचा धंदा केला म्हणून फुले झाले. धंद्यावरून पडलेलें तें नांव आज विद्यापीठांवर आहे. आमच्या भिवंडींत हातमागावर आणि पुढें यंत्रमागावर पिढ्या घालवलेल्या मुसलमान विणकरांचेंही पहा. त्यांना ‘जुलाहा’ म्हणून हिणवीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं उत्तर हिंदुस्थानांतल्या विणकरांनीं आपण होऊन ‘अन्सारी’ हें नांव घेतलें, आणि माग सोडला नाहीं. अपमानाचें नांव टाकलें, धंद्याची लाज धरली नाहीं. कोणतें टाकायचें आणि कोणतें मिरवायचें, ही निवड त्यांची त्यांनीं केली.

तेव्हां नांव असें हवें कीं जें आडनांवाशेजारीं खांद्याला खांदा लावून उभें राहील. याची परीक्षा सोपी आहे, पण ती मोबाईलावर होत नाहीं. बांधावर उभे रहा आणि पूर्ण नांव मोठ्यानें चार वेळां म्हणा. म्हात्रे, म्हसे अशीं जोडाक्षरानें सुरू होणारीं आडनांवें असतील तर आधींचें नांव मोकळ्या स्वरावर संपलेलें बरें. नाहीं तर दोन जोडाक्षरें एकमेकांवर आपटतात आणि जीभ ठेंचाळते. अर्थाकडेही पहा. दगड्यांच्या घरीं कोमल, आगलाव्यांच्या घरीं शीतल, कडूंच्या घरीं मधुरा असें झालें कीं आईबापांचें कौतुक बारशापुरतें आणि पोरांची चेष्टा दहावीपर्यंत. मी पाहतों ना रोज!

आतां नांवाची लांबीही वाढली आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचें नांव महाराष्ट्रांत सरकारी कागदांवर चार पायऱ्यांनीं लिहावयाचें: बाळाचें, मग आईचें, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव. आमच्याकडे कांहीं बाप्यांनीं यावर नाकें मुरडलीं. नऊ महिने पोटांत वागवलें तिनें, आणि तीन अक्षरांची जागा द्यायला यांना जड! मला तर हा नियम फार आवडला. त्यामुळें एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी लागते: मधलीं दोन नांवें लांब असलीं तर बाळाचें नांव दोन-तीन अक्षरांचें आटोपशीर ठेवा, नाहीं तर अर्जाचे रकाने संपतात आणि नांव उरतें.

हें सगळें त्या भोईराला सांगितलें. त्यानें मोबाईलांतलीं चार नांवें वाचून दाखवलीं. त्याची आई ऐकत होती. तिला तीं म्हणून पहा, असें मीं सांगितलें. दोन तिच्या तोंडांत अडकलीं, तिसऱ्याला तिलाच हंसूं आलें. “मना नाय जमत, गुरुजी,” म्हणाली. ज्या आजीच्या मांडीवर पोर वाढणार, तिला जें उच्चारतां येत नाहीं तें नांव कोणासाठीं ठेवायचें?

मग तिनेंच विचारलें, “तानसा कसं?” तिचें माहेर वज्रेश्वरीकडचें, तानसा नदीच्या कांठचें. मीं म्हणून पाहिलें: तानसा, मग तिच्या आईचें नांव, मग बापाचें, मग भोईर. कोठें अडलें नाहीं. पोरगा कचरला. नदीचें नांव मुलीला चालतें का, लग्नाला अडचण येत नाहीं ना? त्यानें हें कोठून ऐकलें कोण जाणे, पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत खरोखरच लिहिलें आहे कीं नदीचें नांव असलेली मुलगी वरूं नये. मीं त्याला एवढेंच म्हटलें, कीं गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा या नांवाच्या बायका साऱ्या जातींत, भटजींच्या घरींसुद्धां, पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या आहेत; तूं तेवढा त्या कलमाला धरून बसूं नकोस.

अजून त्याचें ठरलेलें नाहीं. बायकोला विचारतों म्हणाला, आणि तें बरोबरच आहे. जन्माची नोंद ग्रामपंचायतींत एकवीस दिवसांच्या आंत झालेली आहे, नांवाचा रकाना तेवढा कोरा आहे. बारा महिन्यांच्या आंत नांव घातलें तर शुल्क पडत नाहीं. पुढें पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालतां येतें. जातांना स्वतःच्या आणि बायकोच्या आधारकार्डाची नक्कल घेऊन जा, आणि तिच्या नांवाचें स्पेलिंग तेंच लिहून घे, असें मीं त्याला दोनदां बजावलें आहे.