रिकामे पात्र



गेल्या रविवारी वंदनेनंतर बोईसरच्या एम.आय.डी.सी.त ठेकेदारीवर राबणारा एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. काम सुटले होते. म्हणाला, "काका, सगळं शून्य झालं." आम्ही पडलो कारकून, शून्याशी रोजचाच संबंध. म्हटले, "बाळा, शून्य समजून तर घे."

चीनच्या ताओ विचारात लाओत्से सांगतात, की भांडे उपयोगी पडते ते आतल्या पोकळीमुळे. 'नसण्या'तूनच 'असणे' जन्मते. बौद्ध धम्म चीनमध्ये पोहोचला तेव्हा तिथल्या काही विद्वानांनी आपली शून्यता या आदिम 'नसण्या'च्या अर्थानेच घेतली. पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीवांनी नागार्जुनांचा ग्रंथ चिनी भाषेत आणला आणि त्यांचे शिष्य सेंगचाओ यांनी ही गफलत दाखवून दिली. शून्यता म्हणजे जगाआधीची पोकळी नव्हे. प्रत्येक वस्तू कारणांवर अवलंबून आहे, तिला स्वतःचा कायमचा स्वभाव नाही, हा तिचा अर्थ. चीनमधून दोन्ही शब्द व्हिएतनामला गेले. तिथे 'वो' म्हणजे नसणे. 'खोंग' म्हणजे शून्यता, शून्याचा आकडा आणि रोजच्या बोलण्यातले 'नाही'सुद्धा!

हा शब्दांचा खेळ नाही. सृष्टीच्या आरंभीच माणसाची जागा ठरली, असे सांगूनच आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले गेले. शून्यतेत कुणाचाच जन्मजात स्वभाव टिकत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी समजावले आहे, की शून्यता म्हणजे सर्वनाश नव्हे, तर क्षणोक्षणीचा बदल. आणि बदल आहे म्हणूनच सारे शक्य आहे.

आपल्याच पालघर जिल्ह्यात सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंडकांपैकी सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे मिळाले. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. सोन्याने जपले ते एक रिकामे पात्र!

सोमवारी आम्ही त्या तरुणाच्या थकलेल्या पगाराचा हिशेब मांडला, नव्या नोकरीचा अर्जही भरून दिला. वहीचे नवे पान कोरेच असते, वाचकहो. त्यावर पहिला आकडा आपणच लिहायचा.