हेलिकॉप्टर कुठे तुटतं?

‘हेलिकॉप्टर’ कुठे तोडाल? बहुतेक जण ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असे तुकडे करतील. इंग्रजीनेही तेच केलं आणि त्यातूनच ‘हेलिपॅड’ निघालं. खरा सांधा मात्र भलतीकडेच आहे. ग्रीकमध्ये ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख. १८६१मध्ये गुस्ताव्ह पाँतों दामेकूर या फ्रेंच माणसाने ही जोडी जुळवली. पण अक्षराच्या आरंभी ‘प्ट’ इंग्रजी जिभेला पेलत नाही, म्हणून ‘प’ मागच्याच्या गळ्यात पडला: हे-लि-कॉप-टर. (टेरोडॅक्टिलच्या आरंभी हाच ‘प’ लिहितात आणि सरळ गिळतात!) आघात त्याहून खट्याळ. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर. नुसती ‘ई’ लागायचा अवकाश, तो पुढे सरकतो आणि ‘फो’चा जेमतेम ‘फ’ उरतो: फ-टॉ-ग्र-फी. ‘फोटोग्राफिक’मध्ये तर तो ‘ग्रॅ’वर जाऊन बसतो, कारण ‘इक’ शेपटी बहुधा आपल्या अलीकडच्या अक्षरावरच जोर मागते. आपण मराठी माणसं मात्र पंगतीत वाढावं तसं प्रत्येक अक्षराला भरपूर वाढतो: फो-टो-ग्रा-फी. कुणी उपाशी उठत नाही, फक्त समोरचा इंग्रज क्षणभर बावचळतो.